सरसाचे बोलणे

शब्दशक्ती शिकवताना रूढिलक्षणेपाशी आले की मम्मटाचे 'कुशल' हे उदाहरण सांगावेच लागते. कुश नावाचे धारदार गवत हात न कापता तोडून आणतो तो कुशल; पुढे गवत गेले, कापला जाणारा हातही गेला, आणि मागे नुसते कौशल्य उरले. या जुन्या उदाहरणाला जोड म्हणून मी पुष्कळ वर्षे मेंदूविज्ञानातले एक उदाहरण देत असे. मेंदूत चेतापेशींखेरीज ज्या पेशी असतात त्यांना 'ग्लिया' म्हणतात. ग्रीक भाषेत ग्लिया म्हणजे चिकटवण्याचा पदार्थ, आपल्याकडचा सरस. एकोणिसाव्या शतकात कोणी एकाने या पेशींना सरस म्हटले आणि पुढची शंभर वर्षे त्यांच्याकडे सरसापलीकडचे काही म्हणून कोणी पाहिलेच नाही. रूपक दृष्टीला कसे बांधून टाकते ते पाहा, असा माझा निष्कर्ष असे. विद्यार्थ्यांना हे उदाहरण आवडे. मलाही आवडे. ते बहुतांशी चुकीचे आहे हे मला फार उशिरा कळले, आणि प्रस्तुत लेख ही त्या चुकीची दुरुस्ती आहे.

(जाता जाता : चिकट पदार्थ या अर्थाचा 'सरस' मराठीत फारसीतून आला. रसाने युक्त या अर्थाच्या संस्कृत 'सरस'शी त्याचे काही नाते नाही. सुताराच्या डब्यातला सरस आणि समीक्षकाच्या तोंडचा सरस हे योगायोगाने एकसारखे दिसतात, इतकेच. या लेखाच्या शीर्षकात पहिला अभिप्रेत आहे. दुसऱ्याची आठवण झाली तर माझी हरकत नाही.)

नाव देणारा 'कोणी एक' म्हणजे रुडॉल्फ विर्खो. मेंदूतील पोकळ्यांच्या अस्तराखाली आणि चेतातंतूंच्या मधल्या जागांत एक जोडणारा पदार्थ असतो असे त्याने १८४६ मध्ये मांडले, १८५६ च्या आपल्या लेखसंग्रहात त्याला 'न्यूरोग्लिया' हे नाव दिले, आणि १८५८ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बर्लिनमध्ये जी वीस व्याख्याने दिली त्यांत त्याचे सविस्तर विवेचन केले. ही व्याख्याने म्हणजेच 'सेल्युलारपॅथोलॉगी' हा ग्रंथ. ग्लियासाठी विर्खोने वापरलेला जर्मन शब्द 'किट' असा आहे. खिडकीच्या चौकटीत काच बसवताना कडेने जी लांबी किंवा पुट्टी भरतात तिला जर्मन भाषेत किट म्हणतात. तेव्हा मूळ प्रतिमा दोन वस्तू चिकटवण्यापेक्षा फटी बुजवण्याची आहे.

यात एक विसंगती आहे आणि ती कोणाही साहित्याभ्यासकाला रुचावी अशी आहे. विर्खो राजकारणात प्रजासत्ताकवादी होता. १८४८ च्या उठावात तो बर्लिनच्या रस्त्यांवर उतरला होता, पुढे बिस्मार्कचा विरोधक म्हणून संसदेत बसला. शरीर म्हणजे पेशींचे राज्य आणि प्रत्येक पेशी त्या राज्याची स्वतंत्र नागरिक, हे रूपकही त्याचेच. ज्या माणसाने शरीरातल्या प्रत्येक पेशीला नागरिकत्व दिले, त्यानेच मेंदूतल्या एका मोठ्या वर्गाला लांबी म्हटले! मी वर्गात इथे थोडा थांबत असे, परिणामासाठी. पण विर्खोची बाजूही सांगितली पाहिजे. तो रोगचिकित्सक होता, आणि मेंदूतल्या पुष्कळ विकारांचे मूळ या मधल्या पदार्थातच असते असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे त्याने नाव दिले ते 'इकडे लक्ष देऊ नका' असे सांगण्यासाठी नव्हे, 'इकडे लक्ष द्या' असे सांगण्यासाठी. त्याला पेशींचे आकार धडपणे दिसत नव्हते, कारण ते दाखवणारा रंग अद्याप सापडायचा होता.

तो रंग मिलानजवळच्या आबियातेग्रासो या गावी, असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात सापडला. कामिल्लो गोल्जी तिथे नोकरीला होता आणि एका स्वयंपाकघराचे त्याने प्रयोगशाळेत रूपांतर केले होते. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये घट्ट केलेला मेंदूचा तुकडा त्याने चांदीच्या नायट्रेटमध्ये बुडवला आणि १८७३ मध्ये आपली 'काळी प्रक्रिया' प्रसिद्ध केली. या प्रक्रियेचा गुण असा की सगळ्या पेशी रंगत नाहीत. थोड्याच रंगतात, पण ज्या रंगतात त्या शेवटच्या टोकापर्यंत काळ्याभोर उमटतात. दाट जंगलातली चारच झाडे काजळाने काढावीत तसे. गोल्जीला ग्लियाचे आकार दिसले. त्यांची एक टोके रक्तवाहिन्यांना भिडलेली आहेत हेही दिसले, आणि या पेशी रक्तातून चेतापेशींना पोषण पोहोचवत असाव्यात असा तर्क त्याने केला. तारेसारख्या आकारामुळे त्यांतल्या एका प्रकाराला पुढे मिहाय लेनहोशेकने ॲस्ट्रोसाइट, म्हणजे तारकापेशी, हे नाव दिले.

इथून पुढे माझे जुने उदाहरण डळमळू लागते. नावाने जर सगळ्यांची दृष्टी बांधली असती तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्लियाविषयी इतक्या धाडसी कल्पना का निघाल्या असत्या? कार्ल लुडविग श्लाइख हा बर्लिनचा शल्यचिकित्सक, स्थानिक भुलीच्या पद्धतीचा एक जनक, स्वतः लेखक आणि नाटककार स्ट्रिंडबर्गचा स्नेही. त्याने १८९४ मध्ये, वेदनारहित शस्त्रक्रियांवरच्या ग्रंथात, असे लिहिले की चेतापेशींमधली वाट उघडणे आणि बंद करणे हे ग्लियाचे काम आहे. पुढच्याच वर्षी सान्तियागो रामोन इ काहाल याने कल्पना मांडली की तारकापेशींच्या फांद्या चेतापेशींच्या मध्ये शिरल्या की झोप येते आणि मागे सरल्या की जाग येते. एर्नेस्तो लुगारोने १९०७ मध्ये सुचवले की चेतापेशींच्या संदेशातून उरलेली रसायने ग्लिया शोषून घेत असावी. या तर्काला पुष्टी मिळायला अर्ध्या शतकाहून अधिक काळ जावा लागला. सरस म्हणवल्या जाणाऱ्या वस्तूविषयी कोणी अशा कल्पना करत नाही. ही माणसे 'ग्लिया' हा शब्द रोज वापरत होती आणि त्याचा अर्थ त्यांच्या मनातून केव्हाच पुसला गेला होता. 'कुशल' म्हणताना आपल्याला गवत आठवते का? रूढिलक्षणा शिकवणाऱ्यालाच हा मुद्दा सुचू नये, याची मला आज लाज वाटते.

मग या कल्पना विरून का गेल्या? काहालने याचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. ग्लियाचे कार्य काय या प्रश्नाला थेट भिडणारी साधने शरीरक्रियाशास्त्राला सापडेपर्यंत तो प्रश्न पुष्कळ वर्षे तसाच राहील, अशा आशयाचे त्याने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच लिहिले आहे. साधने आली, पण ती चेतापेशींच्या मापाने घडवलेली होती. चेतापेशी विजेच्या ठोक्यांनी बोलते, आणि सूक्ष्म विद्युदग्र व ऑसिलोस्कोप हे ठोके ऐकण्यात तरबेज झाले. ग्लिया पेशीत तेच विद्युदग्र खुपसले तर पडद्यावर सरळ रेषा येई. जी बोलत नाही ती मुकी, आणि मुकी ती सरस. म्हणजे आधी नाव आणि मग बहिरेपणा असा क्रम नव्हता. यंत्राला ऐकू येत नव्हते, आणि त्या न येण्याला एक जुने, विसरलेले नाव आयते सापडले.

याच काळात माद्रिदमध्ये जे घडले ते मात्र नुसत्या यंत्राने समजत नाही. काहालने १९१३ मध्ये सोन्याच्या क्षाराची एक नवी रंगपद्धती शोधली. तिच्यात तारकापेशी उत्तम दिसत. पण चेतापेशीही नव्हेत आणि तारकापेशीही नव्हेत अशा काही बोडक्या, फांद्या नसलेल्या पेशी शिल्लक राहत. काहालने त्यांना 'तिसरा घटक' म्हटले. त्याच्या परिवारातला पिओ देल रिओ-ओर्तेगा हा वायादोलिद प्रांतातून आलेला संशोधक चांदीच्या कार्बोनेटने रंगवू लागला, आणि त्याला त्या बोडक्या पेशींना फांद्या फुटलेल्या दिसल्या. तिसरा घटक एक नव्हताच, दोन होते. लहान, काटेरी फांद्यांच्या पेशींना त्याने १९१९ मध्ये मायक्रोग्लिया हे नाव दिले. रोगग्रस्त मेंदूत त्या आकार बदलतात, सरकतात, मेलेले अवशेष गिळतात, हेही त्याने दाखवले. दुसऱ्या, मोजक्या फांद्यांच्या पेशींना त्याने १९२१ मध्ये ऑलिगोडेंड्रोग्लिया म्हटले. चेतातंतूंभोवती मायलिनचे वेष्टन गुंडाळण्याशी त्यांचा संबंध आहे हे त्याने ओळखले होते. तारकापेशी, ऑलिगोडेंड्रोसाइट आणि मायक्रोग्लिया हे तिघे आता एका मंचावर आले.

गुरूला शिष्याचा हा शोध पचला नाही. श्रेयाचा काही भाग स्कॉटलंडच्या विल्यम फोर्ड रॉबर्टसनला जातो असे काहालचे म्हणणे होते, आणि ते अगदीच निराधार नव्हते. पण मतभेदाला प्रयोगशाळेतल्या कुरबुरींची आणि चहाड्यांची जोड मिळाली, आणि १९२० मध्ये काहालने ओर्तेगाला आपल्या प्रयोगशाळेतून जायला सांगितले. ओर्तेगाचा नवा आसरा माद्रिदच्या 'रेसिदेन्सिया दे एस्तुदियान्तेस' या छात्रालयाच्या आवारात होता. साहित्याच्या वाचकाला हे नाव अनोळखी नाही. लोर्का, बुन्युएल आणि १९२२ पासून दाली तिथेच राहत होते. एका इमारतीत स्पॅनिश कवितेचे नवे वळण घडत होते आणि शेजारच्या खोल्यांत मेंदूतले पडद्यामागचे पात्र रंगवले जात होते. या शेजाराला फार अर्थ चिकटवण्याचा मोह मला होतो. तो मी आवरतो.

१९२४ मध्ये उत्तर अमेरिकेतून वाइल्डर पेनफील्ड नावाचा तरुण शल्यचिकित्सक ओर्तेगाच्या हाताखाली शिकायला आला आणि ऑलिगोडेंड्रोग्लियाविषयीचे त्याचे निरीक्षण बरोबर असल्याची ग्वाही इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचली. स्पॅनिशमध्ये लिहिणे हा विज्ञानात एक प्रकारचा मूकपणाच होता, हे ध्यानात घ्यावे. मराठीत लिहिणाऱ्याला ते वेगळे समजावून सांगायला नको. पुढे यादवी युद्ध पेटले. १९३६ मध्ये ओर्तेगाने माद्रिद सोडले. पॅरिस, मग ऑक्सफर्ड, आणि १९४० मध्ये ब्यूनोस आयरिस. तिथेच १९४५ मध्ये तो वारला. १९८६ मध्ये त्याचे अवशेष वायादोलिदला परत आणण्यात आले. त्याच्या नावावर दोनदा नोबेलची शिफारस झाली होती, पारितोषिक मिळाले नाही. त्याच्या मागे मायक्रोग्लियाचा अभ्यास कित्येक दशके जवळपास थांबलेला होता. यात 'सरस' या शब्दाचा दोष तो काय? गुरूची नाराजी, भाषेची भिंत, युद्ध आणि देशांतर ही कारणे मला पुरेशी वाटतात.

विद्युदग्राला ग्लियाचे काही ऐकू येऊ शकते हे प्रथम दाखवले हार्वर्डमधल्या स्टीफन कुफलरने. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास जळू आणि नेक्टुरस नावाचा उभयचर हे प्राणी निवडले, कारण जळूच्या ग्लिया पेशी खूप मोठ्या असतात आणि नेक्टुरसच्या दृष्टिचेतेत ग्लियाला गाठणे सोपे जाते. ग्लिया ठोके देत नाही हे त्यांनाही दिसलेच. पण शेजारच्या चेतातंतूंतून संदेश गेले की बाहेर साठणाऱ्या पोटॅशियममुळे ग्लियाचा विद्युत्दाब हळूहळू बदलतो, आणि एका ग्लिया पेशीत सोडलेला प्रवाह दुसरीत सहज जातो. म्हणजे या पेशी एकमेकींना आतून जोडलेल्या आहेत. पेशीपटलांमधल्या या जोडणीला फटसंधी म्हणता येईल. दोन शेजारणी आपापल्या भिंतीत कनेक्झिन नावाच्या सहा सहा प्रथिनांचे एकेक वर्तुळ बसवतात. वर्तुळे समोरासमोर आली की मधून सुमारे दीड नॅनोमीटर रुंदीची नळी तयार होते. तिच्यातून आयन, साखर, लहान संदेशवाहक रेणू पलीकडे जातात. प्रथिनांसारखे मोठे रेणू जात नाहीत. जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडांमधल्या भिंतीला झरोका असे, त्यातून मीठमिरची, निरोप, लहान वाटी इकडून तिकडे जाई पण माणूस जात नसे, तसे हे.

गोल्जीचा इथे मरणोत्तर एक विलक्षण विजय झाला. चेतापेशी एकमेकींत मिसळून अखंड जाळे बनवतात, हे मत त्याने १९०६ मध्ये नोबेल स्वीकारतानाच्या व्याख्यानातही सोडले नव्हते. त्याच मंचावर त्याच्यासह पारितोषिक घेणारा काहाल याच्या नेमके उलट मानत होता, आणि चेतापेशींबाबत काहाल बरोबर ठरला. पण झरोक्यांनी जोडलेले, शेकडो पेशींवर पसरलेले जाळे मेंदूत खरोखरच आहे. ते तारकापेशींचे आहे. गोल्जीने जाळे पाहिले, चुकीच्या पेशींत पाहिले.

तारकापेशींच्या बोलण्याचा स्वर नेमका कोणता, हे १९९० मध्ये दिसले. ऐकू आले नाही, दिसले. येल विद्यापीठात ॲन कॉर्नेल-बेल, स्टीफन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतल्या, काचेच्या बशीत वाढवलेल्या तारकापेशींत कॅल्शियमला चिकटून चमकणारा रंग भरला आणि वर ग्लुटामेट सोडले. पेशी उजळल्या, मग शेजारच्या उजळल्या, मग त्यांच्या शेजारच्या; उजेडाची लाट बशीभर पसरत गेली. अशा लाटेचा वेग सेकंदाला वीसेक मायक्रोमीटर असतो. चेतातंतूतला जलद संदेश सेकंदाला शंभर मीटर जाऊ शकतो. ही लाट एक मिलिमीटर जायला जवळपास मिनिट घेते. विद्युदग्र घेऊन बसलेल्या माणसाने ती का ऐकली नाही हे आता वेगळे सांगायला नको. तो सेकंदाच्या हजाराव्या भागाची वाट पाहत होता.

लाट झरोक्यांतूनच जाते असा प्रथम समज झाला. १९९६ मध्ये एका गटाने बशीतल्या पेशींच्या थरात एक पट्टा खरवडून मोकळा केला. तिथे पेशी नाहीत, तेव्हा झरोकेही नाहीत. लाट तो पट्टा ओलांडून पलीकडे गेली. म्हणजे काहीतरी पेशीबाहेर पडून द्रवातून वाहत जात होते, आणि १९९९ पर्यंत स्पष्ट झाले की ते एटीपी आहे. ऊर्जेचे चलन म्हणून शाळेच्या पुस्तकात भेटणारा तोच रेणू पेशीबाहेर आला की निरोप होतो. झरोक्यातला निरोप शेजारणीपुरता असतो. चौकात दिलेली हाक ज्याला कान आहेत त्या सगळ्यांना ऐकू जाते. आणि ती हाक ऐकणाऱ्यांत मायक्रोग्लिया आहेत.

मायक्रोग्लिया मेंदूच्या मूळच्या रहिवासी नव्हेत. गर्भावस्थेच्या अगदी आरंभी त्या पीतक कोशातून येऊन मेंदूत वस्ती करतात, हे २०१० मध्ये उंदरांत पक्के झाले. त्या बाहेरून येतात हा ओर्तेगाचा अंदाज म्हणजे योग्य दिशेचा होता. निरोगी मेंदूतल्या मायक्रोग्लियाला पुस्तके 'विश्रांत' म्हणत. २००५ मध्ये दोन गटांनी, जिवंत उंदराच्या कवटीचा भाग झिजवून पातळ करून, आतल्या पेशी पाहिल्या. त्या विश्रांत नव्हत्या. त्यांच्या फांद्या एकसारख्या पुढे-मागे होत होत्या. काही तासांत त्या मेंदूचा सगळा परिसर चाचपून काढत असाव्यात असा हिशेब निघाला. लेझरने सूक्ष्म इजा करताच आसपासच्या मायक्रोग्लियाच्या फांद्या काही मिनिटांत तिच्याकडे झेपावल्या. नुसते एटीपी सोडले तरी तेच घडले, आणि कनेक्झिनची दारे बंद करणारी औषधे दिली की ही धाव मंदावली. हाक बहुधा तारकापेशींची असावी, असा संशोधकांचा कयास होता.

उलट दिशेची हाक किती भयंकर असू शकते हे २०१७ च्या आरंभी स्टॅनफर्डमधल्या बेन बॅरेसच्या प्रयोगशाळेने दाखवले. चवताळलेल्या मायक्रोग्लियातून तीन रेणू बाहेर पडतात : इंटरल्युकिन-१ अल्फा, टीएनएफ आणि सी१क्यू. ते तिन्ही मिळून तारकापेशीचा स्वभावच पालटतात. ती चेतापेशींना सांभाळणे सोडते आणि चेतापेशी व ऑलिगोडेंड्रोसाइट यांना मारू लागते. अल्झायमर, पार्किन्सन, हंटिंग्टन अशा रोगांत दगावलेल्या माणसांच्या मेंदूत या पालटलेल्या तारकापेशींच्या खुणा सापडल्या. बॅरेस त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये वारला. त्याचे आत्मचरित्र मागाहून, २०१८ मध्ये आले. ज्यांना आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवायचा आहे त्यांनी ते पाहावे.

या पालटलेल्या पेशींना 'ए१' आणि सौम्य प्रकाराला 'ए२' अशी नावे मिळाली होती. चारच वर्षांनी, २०२१ मध्ये, या क्षेत्रातल्या संशोधकांच्या मोठ्या गटाने एकत्र येऊन ही दुफळी सोडून द्यावी असे आवाहन केले : पेशी चांगल्या आणि वाईट अशा दोन कप्प्यांत राहत नाहीत. २०२२ मध्ये मायक्रोग्लियाविषयी तसेच निवेदन निघाले आणि 'विश्रांत' हा शब्दही मोडीत काढण्याची सूचना झाली. नावे बांधून टाकतात हे माझे जुने म्हणणे इथे थोडे खरे ठरते, हे मान्य केले पाहिजे. फरक इतकाच की ताजे नाव बांधते, त्यात अर्थ जिवंत असतो म्हणून. 'ए१' ऐकताच प्रत्येकाला खलनायक दिसत होता. 'ग्लिया' ऐकून सरस कोणालाच दिसत नव्हता.

आणि आता सर्वांत ताजे रूपक : 'संवाद'. मीही वर हाक, निरोप, शेजारणी असे लिहीत आलो आहे. वर्तमानपत्री विज्ञानलेखनात तर ग्लिया ही दडपलेली, उपेक्षित, अखेर बोलू लागलेली नायिका झाली आहे. तिची संख्या चेतापेशींच्या दहापट असते हे विधान त्याच उत्साहात वर्षानुवर्षे फिरले. २००९ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हेर्कुलानो-हूझेल आणि सहकाऱ्यांनी मोजणी केली तेव्हा सरासरी ८,६०० कोटी चेतापेशी आणि जवळपास तितक्याच इतर पेशी निघाल्या. बशीतली लाट जिवंत मेंदूत त्याच रूपात असते का, हा वादही खरा आहे. २०१० मध्ये केन मॅकार्थी यांच्या गटाने उंदरांत तारकापेशींतला कॅल्शियम वाढवून आणि थांबवून पाहिला, पण चेतापेशींच्या जोडण्यांत काही फरक पडला नाही. खुद्द बॅरेसने २०१४ मध्ये तारकापेशी चेतापेशींशी 'बोलतात' या पुराव्याची कडक तपासणी केली होती. २०२३ मध्ये असे दिसले की ग्लुटामेट सोडण्याची सामग्री तारकापेशींपैकी काहींतच असते; दोन्ही बाजूंचे प्रयोग प्रामाणिक असूनही वेगळे का निघाले याचे काही अंशी उत्तर त्यात आहे.

एक रेणू एकीकडून सुटला आणि दुसरीकडे परिणाम झाला, याला संवाद म्हणावे का? संवादात न ऐकण्याची, नकार देण्याची, चुकीचे ऐकण्याची शक्यता असते. माझ्या मते निकष दुसरा लावावा : तो दुवा तुटला तर काय होते ते पाहावे.

तारकापेशी आणि ऑलिगोडेंड्रोसाइट यांच्यामध्येही झरोके आहेत, पण त्यांची रचना विषम आहे. तारकापेशीच्या बाजूला कनेक्झिन ४३ किंवा ३०, ऑलिगोडेंड्रोसाइटच्या बाजूला ४७ किंवा ३२. प्रत्येकाची जोडी ठरलेली. चेतातंतूभोवती मायलिन गुंडाळून बसलेली ऑलिगोडेंड्रोसाइट साचलेले पोटॅशियम या वाटेने तारकापेशींकडे देते, आणि तारकापेशींकडून तिच्याकडे पोषक द्रव्ये येतात. शिवाय बाहेरची वाटही आहे : २००६ मध्ये दाखवले गेले की काम करणाऱ्या चेतातंतूतून सुटलेले एटीपी तारकापेशी टिपतात, त्या एलआयएफ नावाचा रेणू सोडतात, आणि त्या खुणेवर ऑलिगोडेंड्रोसाइट अधिक मायलिन गुंडाळते. वापरात असलेल्या वाटेवर फरसबंदी होते ती अशी, तिसऱ्याच्या मध्यस्थीने. उंदरांत कनेक्झिन ३२ आणि ४७ ही दोन्ही काढून टाकली तर मायलिनला पोकळ्या पडतात आणि पिले अकाली मरतात. माणसांत कनेक्झिन ४७ च्या जनुकातला बिघाड २००४ मध्ये ओळखला गेला. ज्या मुलांत तो दोन्ही प्रतींत असतो त्यांचे डोळे तान्हेपणीच सतत लुकलुक हलू लागतात, मान आणि चाल उशिरा येते, पुढे हातपाय ताठरतात. त्यांच्या चेतापेशी निर्दोष असतात. बिघडलेला असतो तो एक झरोका, दोन प्रकारच्या ग्लिया पेशींमधला, ज्यातून कधीही विजेचा ठोका गेला नाही आणि म्हणून जिथे कोणी कान लावला नव्हता.

लक्षणेच्या तासाला मी आता 'कुशल'वरच थांबतो.